‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ फाइली रोज का उगवतात? दोन-तीन मशीनवरच्या कॉन्फिगची भांडणं आणि त्यांवरचे उपाय

लक्षण ओळखीचं आहे. ऑफिसात विंडोज डेस्कटॉप, घरी लिनक्स लॅपटॉप, कधी सोबत एखादा मॅक. सगळीकडे तीच सॉफ्टवेअर. सेटिंग दोनदा करायला नको म्हणून कॉन्फिगचा, म्हणजे सेटिंग साठवणाऱ्या फाइलींचा, फोल्डर सिंकथिंग, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह अशा सगळ्या मशीनवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणाऱ्या (सिंक करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला. चार दिवस सुरळीत जातात. मग एकाच फाइलीची जुळी-तिळी भावंडं दिसायला लागतात, कीबोर्ड शॉर्टकट उडतात, बदललेली थीम परत जुनी होते. जादा फाइली डिलीट केल्या तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा हजर.

बहुतेक जण इथे सिंकचं सॉफ्टवेअर बदलतात. त्याने फरक पडत नाही, कारण चूक सिंकची नसते. एकमेकांचा बदल न पाहता दोन मशीननी एकच फाइल बदलली, म्हणजे भांडण (कॉन्फ्लिक्ट) झालं, एवढंच सिंक सांगत असतं. खरा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही तर त्या फाइलीला हात लावला नव्हता, मग बदलली कोणी? सॉफ्टवेअरनेच बदललेली असते, तुमच्या नकळत, दर काही सेकंदांनी. आणि अशा फाइली सिंकमधून बाहेर काढल्या की नव्वद टक्के कटकट संपते.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

आधी जादा फाइलीचं नाव वाचा

डिलीट करण्याआधी नाव नीट बघा, अर्धं निदान तिथेच असतं. सिंकथिंग असं नाव देतं:

वर्कस्पेस.सिंक-कॉन्फ्लिक्ट-२०२५०३१२-०९४१०७-के३एमक्यू७व्हीटी.जेसन

पहिला आकडा तारीख, दुसरा वेळ: १२ मार्च, सकाळी ९ वाजून ४१ मिनिटं ७ सेकंद. ही वेळ भांडण सापडल्याची असते, फाइल बदलल्याची नाही. म्हणून अशा फाइलींचा ढीग रोज सकाळी ऑफिस उघडताना दिसतो, जरी उद्योग आदल्या रात्री घरी झालेला असला तरी. शेवटची सात अक्षरं म्हणजे या भांडणातल्या एका मशीनच्या डिव्हाइस आयडीची सुरुवात. सिंकथिंगच्या पानावर प्रत्येक मशीनचा आयडी दिसतो, तो ताडून बघा. ड्रॉपबॉक्स नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे शब्द, मशीनचं नाव आणि तारीख घालतं. वनड्राइव्ह फाइलीच्या नावापुढे नुसतं कॉम्प्युटरचं नाव चिकटवतं, त्यामुळे ती फाइल आपणच कधीतरी सेव्ह केली असेल असं वाटून लोक तिच्याकडे बघतही नाहीत.

आता सगळ्या जादा फाइली एका ठिकाणी काढा. लिनक्सवर किंवा मॅकवर फोल्डरमध्ये जाऊन ‘फाइंड . -नेम "*सिंक-कॉन्फ्लिक्ट*"’. विंडोजवर एक्स्प्लोररच्या शोधपट्टीत तेच शब्द. यादी आली की एकच गोष्ट मोजायची: कुठली मूळ फाइल किती वेळा आली. साधारणपणे तीस-चाळीस जादा फाइलींच्या मागे दोन किंवा तीनच मूळ फाइली निघतात. त्याच गुन्हेगार.

मशीनची गाठ पडते का?

सिंकथिंगमध्ये मध्यवर्ती सर्व्हर नसतो. दोन मशीन एकाच वेळी चालू असली तरच बदल इकडून तिकडे जातो. संध्याकाळी ऑफिसचा डेस्कटॉप बंद, त्यानंतर तासाभराने घरचा लॅपटॉप चालू, सकाळी लॅपटॉप झाकून बॅगेत आणि मग डेस्कटॉप चालू. दोघांची कधी भेटच होत नाही, आणि शनिवारी दोन्ही चालू झाली की आठवड्याभराची भांडणं एकदम वर येतात.

यावर उपाय म्हणजे कायम चालू राहणारं तिसरं मशीन. रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर, घरातला जुना लॅपटॉप, एनएएस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी), काहीही चालतं, कारण कॉन्फिगच्या फाइलींना ताकद लागत नाही. दोन्ही मशीन या तिसऱ्याशी जोडा. लाइट जाण्याचा त्रास असेल तर पाय आणि राउटर दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा. नुसता पाय चालू राहून राउटर बंद पडला तर उपयोग शून्य.

भेट होत असूनही उशीर होत असेल तर फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘वॉच फॉर चेंजेस’ चालू आहे का ते बघा. ते चालू असताना बदल साधारण १० सेकंदांत उचलला जातो. बंद असेल तर सिंकथिंग पूर्ण फोल्डर तपासतं तेव्हाच बदल कळतो, आणि तो तपास मूळ सेटिंगप्रमाणे ३,६०० सेकंदांनी, म्हणजे तासातून एकदा होतो. लॅपटॉप झाकायच्या आधी केलेला बदल हमखास अडकणार. लिनक्सवर आणखी एक खोच आहे: वॉच चालू दिसतं, पण किती जागांवर नजर ठेवायची याची कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मर्यादा संपलेली असल्याने ते प्रत्यक्षात चालत नाही आणि वेब पानावर तशी तक्रार येते. जुन्या कर्नलवर ही मर्यादा फक्त ८,१९२ असायची. ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूझर_वॉचेस’ ची किंमत सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलीत २,०४,८०० करून ठेवा.

नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेल्या फोल्डरला वॉचचा भरवसा नसतो. कॉन्फिगचा फोल्डर मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच हवा.

एका फोल्डरवर दोन सिंक

हे तपासायला एक मिनिट लागतं आणि अनेकदा सगळा घोळ इथेच असतो. विंडोजवर वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर स्वतःच्या ताब्यात घेतो. तुमचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये असेल आणि त्यावर सिंकथिंगही लावलं असेल, तर दोन नोकर एकच ताट उचलायला धावतात. वर वनड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी फाइल फक्त ऑनलाइन ठेवतो, म्हणजे डिस्कवर तिची नुसती पाटी असते.

फोल्डरच्या पूर्ण पत्त्यात कुठेही ‘वनड्राइव्ह’ शब्द दिसतो का ते बघा. दिसला तर फोल्डर बाहेर काढा, थेट तुमच्या यूझर फोल्डरखाली. हाच नियम सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सिंकलाही लागू आहे. व्हीएस कोड या कोड एडिटरचं ‘सेटिंग्ज सिंक’ चालू असेल तर त्याची सेटिंग फाइल दुसऱ्या कुठल्याही सिंकमध्ये ठेवू नका. तिथे त्याचंच सिंक वापरावं हे माझं मत, कारण मशीनपुरती म्हणून जाहीर केलेली सेटिंग ते मुळात पाठवतच नाही, आणि कीबोर्ड शॉर्टकट विंडोज, मॅक, लिनक्ससाठी वेगवेगळे ठेवतं. एखादं आणखी वगळायचं असेल तर ‘सेटिंग्जसिंक.इग्नोर्डसेटिंग्ज’ मध्ये त्याचं नाव घाला.

एका फोल्डरात तीन जातींचा माल

गुन्हेगार फाइल सापडली की ती उघडून वाचा. कॉन्फिग म्हणून आपण ज्याला सरसकट एक समजतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, तुमची आवड: थीम, शॉर्टकट, अक्षराचा आकार, चालू ठेवलेले प्लगइन. ही महिन्यातून एखाद्या वेळी बदलते आणि सगळीकडे सारखी हवी. हीच सिंक करायची.

दुसरी, त्या मशीनचे तपशील: फाइलींचे पूर्ण पत्ते, स्क्रीनचं मोजमाप, प्रिंटर, प्रॉक्सी. विंडोजवर ‘सी ड्राइव्ह, यूझर्स’ ने सुरू होणारा पत्ता लिनक्सवर गेला की तिथलं सॉफ्टवेअर तो चुकीचा म्हणून स्वतःचा पत्ता लिहितं, तो विंडोजवर परत येतो, ते पुन्हा आपला लिहितं. हा टेनिसचा डाव कधीच संपत नाही.

तिसरी, चालू अवस्था: कुठले टॅब उघडे आहेत, कर्सर कुठे होता, पॅनेल किती रुंद, अलीकडच्या फाइलींची यादी. ही प्रत्येक क्लिकला बदलते. सिंक करण्यात काडीचा फायदा नाही आणि भांडणांचा सर्वात मोठा झरा हाच.

लिनक्सवर याची विभागणी कागदोपत्री झालेली आहे: आवड ‘डॉट कॉन्फिग’ मध्ये, डेटा ‘डॉट लोकल/शेअर’ मध्ये, अवस्था ‘डॉट लोकल/स्टेट’ मध्ये, कॅश ‘डॉट कॅश’ मध्ये. स्टेटचा फोल्डर या नियमांत २०२१ मध्ये आला, त्यामुळे अनेक सॉफ्टवेअर अजूनही अवस्था कॉन्फिगमध्येच कोंबतात. विंडोजवर ‘ॲपडेटा’ खाली ‘रोमिंग’ आणि ‘लोकल’ असे दोन कप्पे आहेत, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे ते पाळतात असं म्हणणं धाडसाचं होईल. म्हणून फोल्डरच्या नावावर विसंबू नका, फाइलीच्या आत बघा.

जवळून एक उदाहरण: ऑब्सिडियन

ऑब्सिडियन हे नोंदी लिहिण्याचं सॉफ्टवेअर. नोंदींचा फोल्डर दोन-तीन मशीनवर ठेवणाऱ्यांची सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून हेच सविस्तर घेऊ.

नोंदींच्या फोल्डरात ‘डॉट ऑब्सिडियन’ नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात ‘अ‍ॅप’, ‘अपिअरन्स’, ‘हॉटकीज’, ‘कम्युनिटी-प्लगइन्स’ अशा जेसन (सेटिंग साध्या मजकुरात लिहिण्याची एक पद्धत) फाइली असतात. ही आवड आहे, सिंक करा. त्याच फोल्डरात ‘वर्कस्पेस’ नावाची जेसन फाइल असते आणि फोनवर ‘वर्कस्पेस-मोबाइल’. ही अवस्था. तुम्ही नोंद उघडली, बाजूची पट्टी ओढली, टॅब बंद केला, प्रत्येक वेळी ती नव्याने लिहिली जाते. दोन मशीनवर ऑब्सिडियन नुसतं उघडं असेल तरी भांडण पक्कं.

पायऱ्या अशा:

१. सगळ्या मशीनवर ऑब्सिडियन बंद करा. नुसती खिडकी नाही, पूर्ण बंद.

२. सिंकथिंगमध्ये सगळी मशीन ‘अप टू डेट’ दिसेपर्यंत थांबा, आणि मग सिंक थांबवा.

३. प्रत्येक मशीनवर नोंदींच्या फोल्डराच्या मुळाशी ‘डॉट एसटीइग्नोर’ फाइल उघडा, नसेल तर बनवा. तिच्यात दोन ओळी: ‘डॉट ऑब्सिडियन/वर्कस्पेस.जेसन’ आणि ‘डॉट ऑब्सिडियन/वर्कस्पेस-मोबाइल.जेसन’.

४. त्या दोन मूळ फाइलींच्या जादा प्रती डिलीट करा. बाकीच्यांना आत्ता हात लावू नका.

५. सिंक चालू करा, मग ऑब्सिडियन.

तिसऱ्या पायरीवर हमखास चूक होते. ‘डॉट एसटीइग्नोर’ फाइल स्वतः कधीच सिंक होत नाही. लोक ती एका मशीनवर बनवतात आणि काम झालं म्हणून निवांत बसतात. दुसरं मशीन वर्कस्पेस फाइल पाठवत राहतं. सोपा मार्ग असा: वगळायच्या ओळी ‘सामाईक-वगळा’ अशा कुठल्याही नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत लिहा. ही फाइल सिंक होते. मग प्रत्येक मशीनच्या ‘डॉट एसटीइग्नोर’ मध्ये एकच ओळ: ‘#इन्क्लूड’ आणि पुढे त्या फाइलीचं नाव. पुढे यादी एकदाच बदलायची. आणखी एक: या फाइलीत वरून पहिली जुळणारी ओळ चालते. उद्गारचिन्हाने सुरू होणारी, म्हणजे ‘हे मात्र वगळू नकोस’ सांगणारी ओळ खाली लिहिली तर तिला कोणी विचारत नाही. ती वर हवी.

वगळायच्या यादीत ‘*सिंक-कॉन्फ्लिक्ट*’ ही ओळ घालण्याचा सल्ला कुठे मिळाला तर तो ऐकू नका. जादा प्रती बनणं थांबत नाही, फक्त ज्या मशीनवर बनल्या तिथेच साठतात आणि इतरांना दिसत नाहीत. फोल्डरच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्स कॉन्फ्लिक्ट्स’ शून्य करणं त्याहून वाईट. मग प्रत बनतच नाही, हरलेली फाइल थेट जाते, आणि हरते ती जुन्या तारखेची, भले त्यात तुमची तासाभराची मेहनत असो.

प्लगइनचं काय? प्रत्येकाचा फोल्डर वेगळा, त्यात प्लगइनचा कोड आणि ‘डेटा.जेसन’. इथे आवड आणि अवस्था एकाच फाइलीत कालवलेली असू शकते, आणि ती वेगळी करणं आपल्या हातात नसतं. एखादं प्लगइन सारखं भांडत असेल तर फक्त त्याची ‘डेटा.जेसन’ वगळा आणि त्याचं सेटिंग प्रत्येक मशीनवर एकदा हाताने करा. प्लगइनचे अपडेट मात्र एकाच मशीनवरून करायचे आणि बाकीच्यांकडे सिंकने जाऊ द्यायचे. दोन्हीकडून ‘अपडेट ऑल’ दाबलं तर कोडच्या फाइलींचंही भांडण होतं.

फोन आणि कॉम्प्युटरवर सगळंच वेगळं हवं असेल तर ऑब्सिडियनमध्ये त्यासाठी सोय आहे: सेटिंगमध्ये फाइली आणि लिंकच्या पानावर ‘ओव्हरराइड कॉन्फिग फोल्डर’. फोनवर तिथे ‘डॉट ऑब्सिडियन-फोन’ असं टिंबाने सुरू होणारं नाव द्या. भांडणाचा प्रश्नच मिटतो. किंमत एवढीच की फोनवर प्लगइन नव्याने टाकावी लागतात.

जादा फाइल दिसत नाही, तरी सेटिंग उडतं

हे जास्त धोक्याचं. काही सॉफ्टवेअर कॉन्फिग फक्त सुरू होताना वाचतात, मग स्मरणात ठेवतात आणि बंद होताना सगळी फाइल पुन्हा लिहितात. दुपारी दुसऱ्या मशीनवरून नवी फाइल आली, सॉफ्टवेअरने ती पाहिलीच नाही, आणि संध्याकाळी बंद होताना जुनं सेटिंग वर लिहून टाकलं. सिंकच्या नजरेत हा रीतसर नवा बदल, म्हणून तो सगळीकडे पसरतो. भांडण नोंदलंच जात नाही.

फायरफॉक्स आणि थंडरबर्डची ‘प्रेफ्स.जेएस’ अशीच वागते. ती सिंक करू नका. त्याच प्रोफाइलमध्ये ‘यूझर.जेएस’ नावाची फाइल बनवा, सामाईक हवी तेवढीच सेटिंग तिच्यात लिहा. सॉफ्टवेअर ती सुरू होताना वाचतं आणि तिच्यात कधीच लिहीत नाही. लिहिणारे फक्त तुम्ही, त्यामुळे भांडण होण्याची वेळ सहसा येत नाही. पूर्ण प्रोफाइल फोल्डर सिंक करण्याच्या फंदात पडू नका. आवृत्ती ६७ पासून नव्या फायरफॉक्सने वापरलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडायला नकार देतो, आणि विंडोज व लिनक्सवर आवृत्त्या क्वचितच एका दिवशी बदलतात.

गिट आणि एसएसएच: एकाचं शेवटचं, दुसऱ्याचं पहिलं

गिट कोडच्या आवृत्त्या सांभाळतं, एसएसएच दूरच्या सर्व्हरशी जोडतं. या दोन कॉन्फिग हाताने लिहिलेल्या असतात, म्हणून त्यांचं कापणं सोपं. सामाईक भाग एका फाइलीत, मशीनपुरता दुसरीत, आणि पहिलीने दुसरीला आत ओढायचं. मात्र जागा उलट-सुलट आहे आणि नेमकं तिथेच चुकतं.

गिटमध्ये तीच किंमत दोनदा आली तर शेवटची चालते. म्हणून सामाईक ‘डॉट गिटकॉन्फिग’ च्या अगदी तळाला ‘इन्क्लूड’ चा भाग लिहा आणि त्यात ‘डॉट गिटकॉन्फिग.लोकल’ चा पत्ता द्या. ही दुसरी फाइल सिंक करायची नाही. एखाद्या मशीनवर ती नसली तरी गिट तक्रार न करता पुढे जातं. ऑफिसच्या प्रकल्पांना वेगळा ईमेल हवा असेल तर ‘इन्क्लूडइफ’ वापरा, त्यात ‘गिटडर:’ आणि फोल्डरचा पत्ता, शेवटी तिरकी रेघ विसरायची नाही. ती असली तरच आतले सगळे फोल्डर धरले जातात. यासाठी गिटची आवृत्ती किमान २.१३ हवी.

एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमत चालते. म्हणून मशीनपुरत्या फाइलीची ‘इन्क्लूड’ ओळ अगदी वर, पहिल्या ‘होस्ट’ च्याही आधी. एखाद्या ‘होस्ट’ च्या खाली लिहिली तर ती त्या होस्टपुरतीच लागू होते, आणि बाकी सगळं बरोबर दिसत असताना दुसरा सर्व्हर जोडला जात नाही. ही सोय ओपनएसएसएच ७.३ पासून आहे. मॅकवरून आलेल्या फाइलीत ‘यूजकीचेन’ असेल तर लिनक्स ‘बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन’ म्हणून थेट थांबतं. त्या ओळीच्या वर ‘इग्नोरअननोन यूजकीचेन’ लिहा, मग दोन्हीकडे तीच फाइल चालते.

कुठली किंमत कुठून आली याचा अंदाज बांधत बसू नका. ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ प्रत्येक ओळीसमोर फाइलीचं नाव दाखवतं. ‘एसएसएच -जी’ (इथे जी मोठ्या लिपीतला) आणि पुढे सर्व्हरचं नाव दिलं की जोडणी न करता शेवटी ठरलेली सगळी सेटिंग छापली जातात.

खाजगी किल्ली सिंक करू नका. प्रत्येक मशीनवर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ने वेगळी बनवा. लॅपटॉप हरवला तर एकच किल्ली रद्द करावी लागते. शिवाय विंडोजवरून फिरून आलेल्या किल्लीच्या परवानग्या सैल होतात आणि लिनक्सवर ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असा इशारा येतो. ‘सीएचमॉड ६००’ ने तात्पुरतं भागतं. ‘नोन_होस्ट्स’ (ओळखीच्या सर्व्हरची यादी) आणि शेलची हिस्टरी हीसुद्धा अवस्थाच, बाहेर ठेवा.

आणि हो, गिटचं कोठार सिंकच्या फोल्डरात ठेवू नका. ‘डॉट गिट’ मधल्या फाइली एकमेकींवर अवलंबून असतात, त्या मागे-पुढे पोचल्या की इंडेक्स बिघडतो. गिटला पुश-पुल येतं, तेवढं पुरे.

सिमलिंक (दुसरीकडच्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नुसती खूण) वापरत असाल तर एक सापळा: अनेक सॉफ्टवेअर सेव्ह करताना आधी नवी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवतात. जुनी सिमलिंक असेल तर ती पुसली जाते आणि तिथे खरी फाइल येते. तेव्हापासून ते मशीन कळपातून फुटलेलं असतं. ‘एलएस -एल’ मध्ये नावापुढे बाण दिसला नाही तर हेच झालं आहे. अशा सॉफ्टवेअरसाठी सिमलिंकऐवजी शेमॉय हे कॉन्फिगच्या फाइली सांभाळणारं साधन वापरा. ते प्रत बनवतं, मशीनच्या नावावरून टेम्प्लेटमध्ये फरक करू देतं, आणि ‘शेमॉय डिफ’ ने काय बदलणार ते आधी दाखवतं.

डेटाबेसला कॉन्फिग समजू नका

फाइलीच्या नावाशेजारी ‘-डब्ल्यूएएल’ आणि ‘-एसएचएम’ शेपटीच्या फाइली दिसल्या तर तो एसक्यूलाइट डेटाबेस आहे. ताजे बदल ‘-डब्ल्यूएएल’ मध्ये असतात आणि नंतर मूळ फाइलीत जातात. सिंकने तिघींतली एक आधी आणि एक नंतर पोचवली की डेटाबेस अर्धा जुना, अर्धा नवा होतो आणि उघडतच नाही. अशा दोन प्रती ओळी बघून जुळवताही येत नाहीत. संदर्भांच्या नोंदी ठेवणाऱ्या झोटेरोचा डेटा फोल्डर याच कारणाने क्लाउडमध्ये ठेवायचा नसतो. नोंदींसाठी झोटेरोचं स्वतःचं सिंक आणि पीडीएफसाठी वेब-डॅव्ह वापरा. पासवर्ड साठवणाऱ्या कीपासएक्ससीचं बरं आहे. पासवर्डच्या दोन प्रती झाल्याच तर ‘डेटाबेस’ मेनूतून एक दुसरीत मर्ज होते.

घड्याळ आणि साडेपाच तास

भांडणात जुन्या तारखेची फाइल हरते, म्हणून पुढे असलेलं घड्याळ नेहमी जिंकतं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर भारतात याचं खास रूप दिसतं. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स तेच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतं. परिणामी लिनक्स नेट मिळेपर्यंत ५ तास ३० मिनिटं पुढे असतं, आणि तेवढ्यात लिहिलेल्या फाइली भविष्यकाळातल्या ठरतात. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ हा झटपट उपाय. जास्त नीट उपाय म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोन-इन्फर्मेशनखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही किंमत १ करणं. दोन्हींपैकी एकच करा. दोन्ही केले तर घोळ तसाच राहतो, फक्त उलट्या बाजूने.

‘दुसऱ्या’ नावाची दुसरी फाइल

मराठी नावांच्या फाइलींत एक खास दुखणं आहे. ‘दुसऱ्या सत्राच्या नोंदी’ ही फाइल दोनदा दिसते, नावात डोळ्याला काहीच फरक नाही, आणि कॉन्फ्लिक्टचा शिक्काही नाही. कारण तो ऱ. युनिकोडमध्ये तो एकच अक्षर म्हणून लिहिता येतो (०९३१), किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन अक्षरं म्हणून (०९३० आणि ०९३सी). दिसायला सारखे, बाइट वेगळे. लिनक्स त्यांना दोन वेगळी नावं मानतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव सुटं करून ठेवायची, नवी एपीएफएस दिलं तसं ठेवते पण दोन्ही रूपं एकच मानते.

सिंकथिंगच्या फोल्डरात ‘ऑटो नॉर्मलाइज’ चालू ठेवा. गिटसाठी मॅकवर ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ ट्रू असू द्या. पण काही कीबोर्ड हाच उच्चार र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसऱ्याच पद्धतीने टाइप करतात, आणि ते रूप युनिकोडच्या नियमांत पहिल्या दोघांच्या बरोबरीचं धरलं जात नाही. तिथे कुठलंही सेटिंग मदत करत नाही. फाइल शोधून एकाच कीबोर्डवरून तिला नव्याने नाव द्यावं लागतं. नोंदींना मराठी नावं खुशाल द्या, कॉन्फिगच्या फाइलींना मात्र देऊ नका.

ओळींच्या शेवटाचं थोडक्यात: फाइलीत एक शब्द बदलला असताना फरक बघताना प्रत्येक ओळ बदललेली दिसली, तर विंडोजच्या एडिटरने ओळींचे शेवट बदलले आहेत. एडिटरला ‘एलएफ’ वर (लिनक्स-मॅकच्या पद्धतीवर) ठेवा, गिटच्या ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ मध्ये शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल=एलएफ’ लिहा. जेसन फाइल पॉवरशेल ५.१ मधून लिहिल्यावर वाचलीच जात नसेल तर सुरुवातीला बीओएम हे अदृश्य चिन्ह बसलं आहे किंवा फाइल यूटीएफ-१६ मध्ये गेली आहे. एडिटरमधून साध्या यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

नवं मशीन जोडताना

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करून नवा लॅपटॉप उभा केला असेल तर सिंकथिंगचा ओळखपत्राचा सेट, म्हणजे ‘सर्ट.पेम’ आणि ‘की.पेम’, दोन्हीकडे एकच असतो. मग बाकीच्या मशीनना ही दोन एकच वाटतात, जोडणी तुटते-जुळते आणि बदल कुठून आला याचा हिशोबच राहत नाही. नव्या मशीनवर सिंकथिंग बंद करून त्याचा कॉन्फिग फोल्डर आणि इंडेक्सचा डेटाबेस दोन्ही बाजूला काढा, पुन्हा सुरू करा आणि नव्या आयडीने जोडा. सिंकथिंगचा हा फोल्डर सिंकथिंगनेच सिंक करण्याचा मोह आवरा.

उरलेल्या जुन्या प्रती शेवटी निपटायच्या. कायम चालू असलेल्या मशीनवर फोल्डरचं ‘फाइल व्हर्जनिंग’ आधी ‘स्टॅगर्ड’ करा. दुसरीकडून आलेल्या बदलात जे पुसलं जाईल ते तिथे काही काळ राहतं. मग एका मशीनवर बसून, मूळ आणि जादा प्रत शेजारी-शेजारी ‘डिफ’ मध्ये किंवा विंडोजवर विनमर्जमध्ये उघडा, हवी ती ओळ मूळ फाइलीत आणा, जादा डिलीट करा, पुढची घ्या. काम चालू असताना बाकीच्या मशीनवर ते सॉफ्टवेअर बंदच हवं. दोन मशीनवर बसून दोघांनी एकदम सफाई केली तर सफाईचंच भांडण होतं. दोन दिवसांनी तोच ‘फाइंड’ पुन्हा चालवा. काही निघालं तर नवीन नाव कुठल्या मूळ फाइलीचं आहे ते बघा. बहुतेक वेळा एखाद्या मशीनवर ‘#इन्क्लूड’ ची ओळ घालायची राहिलेली असते.